रडून डोळे जात नाहीत

वडगाव, बेळगाव
कार्तिक वद्य पंचमी, सन १९३४

प्रिय बसवंत,

आधी तुझ्यावर रागावून घेते, मग पुढचं लिहिते. भाऊबीजेला औक्षणाचं ताट तयार करून मी दिवसभर दारात बसले आणि तू तिकडं निपाणीला वखारीत तंबाखूची पोती मोजत राहिलास. असं वाटलं, तिथं येऊन चारचौघांत तुझा कान पिरगाळावा. पण काल नागुबाई आत्या निपाणीहून आली आणि तू का येत नाहीस ते तिच्या तोंडून कळलं. माझ्यापायी आप्पांचे डोळे गेले, आता कुठल्या तोंडानं घरी जाऊ, असं म्हणालास म्हणे तिला. अरे वेड्या, हे तुझ्या डोक्यात कुणी भरवलं?

कुणी ते मला ठाऊक आहे. आपल्याच गल्लीनं. तू आप्पांशी भांडून घरचा विणायचा माग सोडून गेलास आणि महिन्याच्या आत त्यांचे डोळे लालभडक झाले. उजेड सोसेना, म्हणून मागाजवळच्या खिडकीला पोतं लावून विणायला लागले. झालं, नळावर बायकांना विषय मिळाला. पोरगं गेलं म्हणून म्हातारा अंधारात बसून रडतोय. आईलाही तेच वाटायचं. ती बिचारी डोळ्यांवर एरंडेलाच्या पट्ट्या ठेवायची आणि तुला घरी आण म्हणून देवाला नवस बोलायची. आप्पा हूं की चूं करत नव्हते. आपला बाप बोलतो तरी कधी?

त्यांना कमी दिसतंय हे आम्हाला किती तरी दिवस कळलंच नाही. कळणार कसं सांग. लुगडं पूर्वीसारखंच उतरत होतं, काठ तसाच, पदर तसाच. सुताचा धोटा या हातानं फेकला की त्या हातात येणारच, जन्माची सवय ती, तिथं डोळे लागतात कुणाला! पण घराबाहेर पडले की भांबावायचे. खडेबाजारात व्यापाऱ्याकडं लुगडी द्यायला गेले तेव्हा बाजूनं आलेली हातगाडी दिसलीच नाही, कोपर फोडून घेतलं. दिवे लागले की म्हणायचे, कंदिलाभोवती रंगीत कडं दिसतंय. कपाळ ठणकायचं, ओकाऱ्या व्हायच्या, आणि आम्ही पित्त झालं म्हणून आवळा चारत होतो. शेजारचा भरमू म्हणाला, मोतीबिंदू असंल, पिकू द्या, मग काढत्यात. म्हणून आम्ही पिकायची वाट बघत बसलो.

शेवटी मी हट्टच धरला आणि आईला बरोबर घेऊन आप्पांना मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी डोळ्यांत बघितलं आणि विचारलं काय, तर सकाळी उठताना कंबर धरते का? मला तर हसूच आलं. डोळ्याचं दुखणं आणि चौकशी कंबरेची! पण ते बरोबर होतं रं. आप्पांची कंबर किती वर्षं धरते, आपण मागाखालच्या खड्ड्यात पाय सोडून बसून धरते म्हणायचो. डॉक्टर म्हणाले, असला वात अंगात असला की काहींच्या डोळ्याच्या आतही दाह होतो. डोळे आल्यावर येतात तशी चिपडं येत नाहीत, नुसती लाली, ठणका आणि उजेडाचा त्रास. डोळ्याच्या आत पाणी झरत असतं आणि बारीक वाटेनं निघून जात असतं. त्या वाटेत दाहाचा गाळ बसला की पाणी तुंबतं, डोळा कडक होतो आणि मागची नस चेपत जाते. आपल्या मोरीत सुताला लावायच्या खळीचा चोथा अडकला की पाणी कसं घरात येतं, तसंच समज. नजर आधी कडेची जाते, मधली शेवटी. याला काचबिंदू म्हणतात, आणि गेलेली नजर परत येत नाही. हे ऐकलं आणि मी तिथंच तोंडात पदर धरून रडले.

मग हिय्या करून विचारलं, रडून रडून असं होतं का हो? ते म्हणाले, बाई, रडून कुणाचे डोळे जात नाहीत. हे दुखणं पहिल्यांदा कधी आलं, ते आठवा. आईनं खूप आठवलं आणि तिला सापडलं. डोळा पहिल्यांदा लाल झाला तो गेल्या साली, आपल्या मंगाईदेवीच्या जत्रेत. तेव्हा तू घरातच होतास रं, बसू! त्यांच्यासाठी गुलाबपाण्याची बाटली तूच आणली होतीस, आणि आत्यानं त्यावरून तुझी चेष्टाही केली होती. तू जायच्या किती तरी आधीपासून ते दुखणं आत बसलेलं होतं. तुझा काडीचा संबंध नाही.

काल आत्या तुझं बोलणं सांगत होती तेव्हा आप्पा मागावर होते. ते त्यांच्या कानावर गेलं. माग थांबला. तू गेलास त्या दिवशी त्यांनी डोळ्यातनं टिपूस काढलं नव्हतं, पण काल लहान पोरासारखे हुंदके देऊन रडले. माझ्या पोराच्या डोक्यावर हे कुणी घातलं गं, एवढंच म्हणत राहिले. उजवा डोळा पुरता गेलाय. डाव्यानं नाकासमोरचं तेवढं दिसतं. सोमवारी मिरजेला त्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, पाण्याला वाट करून देणार आहेत. नजर राहील की जाईल, ते डॉक्टर सांगत नाहीत. म्हणून हे पत्र लिहिलं. शनिवारच्या सर्व्हिस मोटारीनं ये. माग धर असं कुणी म्हणणार नाही. फक्त आलास की तुझ्या सवयीनं भिंतीकडेला मान खाली घालून उभा राहू नकोस, तिथं तू त्यांना दिसणार नाहीस. सरळ त्यांच्या पुढ्यात जाऊन बस आणि तोंड वर कर. त्यांना तुला बघून घ्यायचंय रं.

वाटेकडं डोळे लावून बसलेली,
तुझीच,
इंदू आक्का