करपलेले रोडगे

रविवार संध्याकाळ, दर्यापूर

जमलं! किसन उठला! हात अजून राखेनं भरलेत, पण लिहिल्याशिवाय चैन पडायची नाही.

कमरेच्या ऑपरेशनपासून गडी खाटेवरच. चालला नाही तर कायमचा पांगळा होईल, असं डॉक्टर बजावतात. सून विनवते. आम्ही सकाळच्या व्यायामाचे म्हातारे रोज जातो, तर म्हणे, "मले कावून छळून राहिले?"

म्हणून आज त्याच्याच अंगणात रोडग्यांचा बेत केला. आमच्या आळीत रोडगे भाजावे तर किसननंच. मी मुद्दाम गोवऱ्यांचा जाळ बसायच्या आतच कणकेचे गोळे टाकले. करपल्याचा वास थेट खाटेपर्यंत.

"अबे शाम्या, जाळ तर बसू दे! सारे जाळून राहिला ना बे!"

"मले काय समजते? तूच ये."

आला! वॉकर धरून, शिव्या देत, ओसरीतून थेट विस्तवापर्यंत. सून पदरानं डोळे पुसत होती. त्याला वाटलं, धुरानं.

लबाडी झाली का माझी? झाली असेल. रोडगे करपले ते करपलेच, पण सगळ्यांनी खाल्ले. पुढचे मारुतीच्या देवळात जाळावे म्हणतो. तिथवर चालत येईल.