आबांची ओंजळ

पुणे, ८ डिसेंबर

तीर्थरूप आबांना शिवकन्याचा नमस्कार.

गुऱ्हाळाच्या आवाजात तुमाला फोन ऐकू येत न्हाई, म्हणून पत्र लिहायलेय. धाकट्या भक्तीकडून वाचून घ्या. मी मजेत हाय. आता मेसमध्ये एकटीला जेवावं लागत न्हाई.

आबा, मला विद्यापीठाच्या रसायन मंडळात घेतलं! पहिल्या वर्षाच्या फक्त सहाजणांना घेतात. निवडीच्या दिवशी गढूळ पाणी दिलं आणि स्वयंपाकघरातल्या वस्तूनं नितळ करा म्हणाले. बाकीच्यांनी तुरटी आणली. मी मेसच्या मावशींकडून भेंड्या आणल्या, ठेचून पाण्यात चोळल्या आणि ते चिकट पाणी त्यात ढवळलं. तुमी उसाच्या उकळत्या रसातली मळी काढायला टाकता, तसंच. पोरं लय हसली. पण थोड्या वेळात गाळ तळाला बसला अन् त्यांचं हसणंही थांबलं.

सरांनी विचारलं, "हे कुठं शिकलीस?"

माझ्या बोलण्याला कुणी हसेल म्हणून मी इथं गप्पच असायची. त्या दिवशी मोठ्यानं सांगितलं, "आमच्या गावाला, झरीला. माझे वडील गुळवे हायत."

"लिटरला किती टाकायचं?" इथं मात्र मी अडले. तुमी तर ओंजळीनं टाकता.

आईचा गुडघा कसा हाय? धुरानं तुमचे डोळे अजून चुरचुरतात का?

तुमच्या ओंजळीत किती पाणी मावतं, ते भक्तीला मोजायला लावून कळवा. सध्या मंडळाच्या वहीत मापाच्या रकान्यात मी 'आबांची एक ओंजळ' लिहिलंय. सरांनी ते खोडलं न्हाई.

तुमची,
शिवकन्या