अक्कांचं ताक

आई, धुळ्याला आता मी लॅबच्या कामाचं शिक्षण घेणाऱ्या मुलींना शिकवते. काल वर्गात सांगत होते, आपल्या आतड्यात असंख्य जिवाणू राहतात. आपण जे खातो त्यावरच ते जगतात. ज्वारीतला, डाळींतला, भाज्यांतला चोथा त्यांना लागतो. आजाराचे जंतू मारणारी औषधं पुष्कळदा त्यांनाही मारतात. मुली लिहून घेत होत्या. मला मात्र आपलं पारोळ्याचं घर दिसत होतं.

तुझ्या आणि शेजारच्या अक्कांच्या घरात एकच दही होतं. तुझं बिघडलं की विरजण त्यांच्याकडून, त्यांचं बिघडलं की आपल्याकडून. मूळ कुणाचं, ते दोघींनाही सांगता यायचं नाही. तू तापाने पडलीस तेव्हा मी जळगावच्या लॅबमध्ये नुकतीच लागले होते. रजा घेऊन आले. गोळ्यांनी ताप उतरतो, पण तुझे जुलाब काही थांबत नाहीत. मी पाणी उकळते, भांडी उकळते, तुला साबुदाण्याची पेज भरवते, आणि तू अक्कांच्या ताकातली ज्वारीची आंबील मागतेस. डॉक्टरांनी ताकाला मनाई केली नव्हती. मी केली. त्यात जंतू असतात, मी म्हणाले. तू हसलीस.

"तिना ताकमा बी तेच, मना पोटमा बी तेच. एकमेकले वळखतस ते."

मग रोज दुपारी विचारायचीस, अक्का नही उनी का? मी नाही म्हणायचे. तूच त्यांची बाजू घ्यायचीस. बाजारात गेली असेल, गुडघे दुखत असतील. शेवटचे दोन दिवस तू विचारलंच नाहीस.

अक्का रोज येत होत्या, आई. भेटायला बंदी आहे असं सांगून मी त्यांच्या हातून तांब्या घ्यायचे, ताक मोरीत ओतायचे आणि तांब्या घासून परत द्यायचे. ताकाने तू वाचली असतीस असं मी म्हणत नाही. ते आजही कुणी खात्रीने सांगू शकणार नाही. पण तू मैत्रिणीवर रुसून गेलीस.

तू गेल्यावर अक्का माझ्याजवळ बसल्या. पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "मनं ताक तरी तिना पोटमा गयं."

मी हो म्हणाले. गेल्या महिन्यात अक्काही गेल्या. इतकी वर्षं पारोळ्याला जायचे, त्यांच्याकडे जेवायचे, आणि प्रत्येक वेळी तेच खरं राहू द्यायचे.