नाशपातीच्या खोलीबाहेर सात फवारे

३ तारीख, सोमवार
परफ्यूम घेतला. सेंट नाही, परफ्यूम. नाशपाती, लिची, मागून व्हॅनिला. डब्याला आतून मखमल. फळांच्या गोदामात क्रेट उचलतो म्हणून माणसाने क्रेटसारखंच राहायचं असं कुठे लिहिलेलं नाही. लिहिलेलं असलं तरी मी सातवीत शाळा सोडलीय, वाचणार नाही.

४ तारीख, सकाळी ६
दोन फवारे. खोलीतल्या पार्टनरने उठून खिडकी उघडली. बाहेर कडाक्याची थंडी. जळतो, दुसरं काय.

८ तारीख
दुपारपर्यंत मला वासच येईनासा होतो. भारी माल असा सौम्यच असतो. उद्यापासून पाच फवारे. पार्टनर म्हणाला, तुला येत नसेल, गेटवरच्या वॉचमनला येतो. गाढवाला गुळाची चव काय!

१२ तारीख
नाशपातीची पिकवायची खोली कधी उघडायची हे नाकवाले काका ठरवतात. एकोणतीस वर्षं हेच काम. दाराच्या फटीला नाक लावायचं, डोळे मिटायचे, हो किंवा नाही. आज मी शेजारीच अदबीने उभा होतो. काका म्हणाले, तयार. दार उघडलं तर फळं दगड. काकांचा चेहरा उतरला. वय झालं बिचाऱ्यांचं.

१४ तारीख
काका पुन्हा चुकले. क्रेट घेऊन मी अगदी जवळ होतो, म्हणून खात्रीने लिहितो. मॅनेजर मॅडमनी जाहीर केलं की बुधवारी नाकाची परीक्षा, पास होईल त्याच्याकडे खोल्या. लगेच नाव दिलं. चांगल्या वासाची पारख या गोदामात माझ्याशिवाय आहे कुणाला?

१५ तारीख
ताईला फोनवर सांगून टाकलं, खोल्या मिळाल्या. मिळणारच आहेत, उगीच चार दिवस कशाला थांबायचं. भाऊजी लग्नापासून म्हणत आलेत, हा कुठे टिकणार नाही. आता बसा म्हणावं.

१८ तारीख
पार्टनरने हात जोडले. "उद्या तरी लावू नकोस, बाबा." म्हणजे वकिलाने कोर्टात कोट काढून जायचं. उद्या सात फवारे.

१९ तारीख
परीक्षा झाली. तीन खोल्या. पहिली म्हटलं तयार. दुसरी, तयार. तिसरीला तर आपोआप डोळे मिटले. म्हटलं एकदम तयार, आजच माल काढा.
तिसरी रिकामी होती. कालच धुतलेली.
मी मॅडमना समजावलं की वास भिंतीत मुरतो. त्या जवळ आल्या, माझ्या कॉलरपाशी थांबल्या. मग वळून म्हणाल्या, "काका, तुमचं नाक ठीक आहे. हा पिकलाय."
मला आवाराच्या पार दुसऱ्या टोकाला उभं केलं. काकांनी तिन्ही खोल्या बरोबर सांगितल्या असाव्यात. लांबून शब्द कळले नाहीत, टाळ्या कळल्या.

२० तारीख
मागच्या बाजूला टाकलं. सडक्या मालाचे क्रेट धुवायचे. तिथे माणसं तोंडाला दोन-दोन रुमाल बांधूनही ओकतात, आठवडाभर कुणी टिकत नाही. मला काहीच झालं नाही. शिट्टी वाजवत दुपारपर्यंत ढीग संपवला. परफ्यूमची कमाल. फवारे बंद करणार नाही, कुणी काही म्हणो.

२२ तारीख, संध्याकाळ
मॅडम दोन दिवस लांबून बघत होत्या. आज माझं नाव धुलाईवर कायम केलं. म्हणाल्या, असा माणूस कित्येक वर्षं मिळत नव्हता.
ताईचा फोन. घरचे सगळे बसलेत, स्पीकर लावलाय, कामाचं सांग म्हणाली. मी सांगितलं, माझ्यासारखं नाक इथे दुसरं नाही, मॅडमनी स्वतः मान्य केलंय, आणि नोकरी कायम झाली. एक शब्द खोटा नाही. भाऊजींनी दोनदा विचारलं, कायम?
मग ताईने स्पीकर बंद केला. हळूच विचारलं, "आवाज असा का येतोय रे?"
सर्दी झालीय, म्हटलं. नाक बंद आहे.