रेघ ओलांडलेलं वादळ

सोमवार

चि. भावड्यास, ताईचे अनेक आशीर्वाद.

फोन मेलेत, म्हणून पत्र बसच्या कंडक्टरकडे देतेय. उत्तर त्याच्याच हाती धाड.

तुमच्या हवामान खात्यानं हा काय घोळ घातलाय? परवापर्यंत पलीकडच्या देशाचा रेडिओ या वादळाला भयंकर हरिकेन म्हणत होता. मी किनाऱ्यावरची सगळी वस्ती शाळेच्या वर्गांत आणून कोंबली. काल वादळानं समुद्रातली ती तारीख बदलणारी रेघ ओलांडली, तुमच्या ताब्यात आलं, आणि तुम्ही त्याला टायफून करून वाऱ्याचा आकडाही उतरवलात! लोक म्हणतात, वादळ दमलं. वळकट्या बांधून घरी निघालेत. सगळ्यांत पुढे तुझे भावोजी, काखेत उशी. बाकावर झोपून कंबर धरली म्हणे. शाळेच्या अध्यक्षांनीही वर्ग रिकामे करायला सांगितलंय. मी फाटकाला कुलूप घातलंय. वादळ खरंच दमलं का, एवढंच कळव. माझी चूक असेल तर ही माणसं मला जन्मभर जेलर म्हणतील.

लोभ आहेच, सोबत अक्कलही असू दे.

तुझी मुख्याध्यापक ताई

मंगळवार

ती. ताईस, सा. न. वि. वि.

वादळ तसूभरही दमलेलं नाही. हरिकेन आणि टायफून एकाच जातीची. रेघेच्या त्या बाजूला एक म्हणतात, या बाजूला दुसरं. नाव मात्र त्यानं माहेरचंच ठेवलंय. आकड्याचं म्हणशील, तर ते लोक एका मिनिटाच्या वाऱ्याची सरासरी काढतात, आम्ही दहा मिनिटांची. तेवढ्यात वारा मधेमधे श्वास घेतो, म्हणून आमचा आकडा लहान दिसतो. भावोजींचं घोरणं मिनिटभर ऐकणारा एक सांगेल, रात्रभर ऐकणारी तू दुसरंच सांगशील, घोरणारा तोच.

बातमीपत्रात हे सांगू या म्हटलं, तर साहेब म्हणाले, तशी पद्धत नाही. दुपारी रेडिओवर मी ते सांगूनच टाकलं. साहेब खुर्चीतून उठेपर्यंत माझं बोलून झालं होतं. आता खुलासा मागितलाय. देणार नाही. तूही कुलूप काढू नकोस.

तुझे रागावणे असेच राहो.

तुझा भावड्या

शनिवार

चि. भावड्यास, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं तेव्हा फाटकाशी रेटारेटी चालली होती. इथल्या रेडिओचे सेल संपलेले, म्हणून पत्रच मोठ्यानं वाचलं. घोरण्यापाशी सगळे हसले आणि हसता हसता वळकट्या खाली आल्या. भावोजी तेवढे चिडून भिंतीवर चढायला गेले. कंबर आडवी आली.

त्याच रात्री वादळ आलं. किनाऱ्यावर एक भिंत उभी नाही. आमच्या घराचं छप्पर अजून सापडायचंय. माणसं मात्र सगळी आहेत, कुरकुरीसकट.

आज अध्यक्षांनी मला बोलावलं. विनापरवानगी लोकांना कोंडल्याबद्दल लेखी माफी मागा, म्हणाले. मी म्हटलं, लिहून देते, पण ती द्यायला तुमच्या घरी येईन. सध्या ते सहकुटुंब आमच्या पाचवीच्या वर्गात राहतात.

तूही खुलासा देऊ नकोस. काढलंच तर इकडे ये, भूगोलाची जागा रिकामी आहे.

माया आहे तशीच राहू दे, मान आहे तशीच ताठ ठेव.

तुझी ताई