करकोच्यांना पोचवायला

अप्पा, आज सकाळी तळ्यावर गेले होते. आता तिथे कुंपण आहे, तिकीट आहे, पाखरं बघायला लोखंडी मनोरा आहे, आणि हैदराबादहून गळ्यात दुर्बिणी अडकवलेले लोक येतात. करकोचे मात्र तेच. हरभऱ्याची रानं मोकळी झाली की पाण्याकडेला जमायचं, कल्ला करायचा आणि उन्हं तापली की वर उठून उत्तरेकडे निघायचं. बघता बघता मला तुमचा असा राग आला की शेजारचा माणूस भलेपणानं दुर्बीण पुढे करत होता, त्याच्यावरच खेकसले.

रीत तुम्हीच सांगितली होती. आजोबांच्या वेळी मेंढरं घेऊन कुणी लांब चराईला निघालं की घरातल्यांनी त्याला तळ्यापर्यंत पोचवायचं. भांडण असलं तरी पोचवायचं. मेंढरं विकली गेली, तुम्ही जवळच्याच कोळारच्या गोदामात पोती उचलायला लागलात, पण रीत काही सुटेना. मग पोचवायला तुम्हाला करकोचे सापडले. दरवर्षी होळीच्या सुमाराला रजा टाकून, मला पहाटे उठवून तळ्यावर न्यायचात. मूठभर ज्वारी काठावर टाकायचात आणि थवा वर चढायला लागला की हात जोडायचात. मी बोट दाखवलं की दटावायचात, "बोट दावू नको, वाट चुकत्यात." आणि परतताना तेच ते, "निघालेल्याला एकटं सोडू न्हाई, बाई."

आणि मी निघाले तेव्हा? पुण्याला नव्या नव्या कंपन्या निघत होत्या, मला नोकरी लागली. तुम्ही भिंतीकडे तोंड करून पडून राहिलात. माय विनवत होती, "अवं, उठा की. पोरगी निघायलीय." तुम्ही म्हणालात, "पाखरं परतून येत्यात. ही कशाला येती?" आले की, अप्पा! दर दिवाळीला आले, उगादीला आले. तुम्ही ताटात आणखी एक भाकर वाढायला लावायचात, आणि निघायच्या दिवशी न चुकता घरातून गायब. एकदा होळी करून परत निघाले होते. बस तळ्याशी वळते आणि खिडकीतून तुम्ही दिसता. रस्त्याकडे पाठ, तोंड आभाळाकडे, हात जोडलेले. परमुलखातल्या पाखरांना नमस्कार आणि पोटच्या पोरीला पाठ! बस थांबवून तुमच्या अंगावर ओरडावंसं वाटलं. बसमधल्या बायका बघत होत्या म्हणून गप्प बसले.

त्याच पावसाळ्यात तुम्ही गेलात. बायांनी मागे येऊ नये, असं चार जण म्हणाले. मी ऐकलं नाही. चिखल तुडवत, तळ्याच्याही पुढे, शेवटपर्यंत तुमच्यामागे चालले. रीत तुमची आणि पाळली मी. याचा राग मला कधीच सोडणार नाही, आणि तो सोडावा असं मला वाटतही नाही.

आज फाटकावरच्या वॉचमननं विचारलं, "अक्का, लांबून आलाव की. पाखराचा लई नाद हाय व्हय?" व्हय, म्हणाले. हे लिहिलेलं कुठे टाकायचं मला ठाऊक नाही, टाकणारही नाही. पण त्या वॉचमनशी मी खोटं बोलले. पाखरांचं मला लहानपणीही काही नव्हतं, अप्पा. झोप यायची, कंटाळा यायचा. वर्षातून तेवढी एक सकाळ तुम्ही फक्त माझ्याबरोबर चालायचात, म्हणून उठायचे.