हॉबर्टच्या कार्बाइनचं दोन बोटं लाकूड

३ ऑक्टोबर
आजपासून रोजनिशी. माझी बायको डोरीन म्हणायची, मर्ल, तुझ्या डोक्यातलं जरा कागदावर काढ, म्हणजे माझे कान सुटतील. ती बहिणीकडे, ग्लेंडाकडे, व्हीलिंगला गेली आहे. चार दिवसांसाठी. गेली तेव्हा अंगणात वसंतातले ट्यूलिप होते, आता मेपलची गळलेली पानं गोळा करतोय. ग्लेंडाला सोबत लागते, त्याला कोण काय करणार.

तिने कपडे नेले, शिवणयंत्र नेलं, मांजरसुद्धा नेलं. पण वडिलांची कार्बाइन कपाटातच ठेवली. माणूस परत यायचं नसेल तर बापाची बंदूक मागे ठेवतो का? हा पुरावा आहे. आपण पुराव्यावर चालणारी माणसं.

५ ऑक्टोबर, सकाळी
कार्बाइन टेबलावर घेतली. टेबल डुगडुगतं, भिंग हलतं. तरी वाचलं. नेम धरायच्या मागच्या पट्टीपाशी नंबर, आणि वर नाव: दुसऱ्या महायुद्धाआधी जूकबॉक्स, म्हणजे नाणं टाकलं की गाणं वाजवणाऱ्या पेट्या, बनवणारी कंपनी! लढाईच्या दिवसांत दहाएक कारखान्यांनी ही छोटी, हलकी लष्करी बंदूक बनवली, त्यांत जूकबॉक्सवाल्यांनी अगदी थोड्या. दुर्मिळ माल. इतकी वर्षं आमच्या कोटांच्या मागे उभा होता.

दुपारी
नळीवर टाइपरायटर कंपनीचं नाव. चापाच्या घरावर तिसरीच कंपनी. गोळी आत सरकवणारा बोल्ट चौथ्याचा. खिचडी नुसती.

आणि खांद्याला टेकवायचा लाकडी दस्ता! तो तर हॉबर्टने, म्हणजे सासऱ्यांनी, करवतीने कापलेला. १९६३ साली सरकारने जुना माल काढला तेव्हा त्यांनी वीस डॉलरला टपालाने मागवली. पुढे डोरीन नऊ वर्षांची झाली, तिचा हात पुरेना, म्हणून दस्त्याच्या मागून दोन बोटं लाकूड कापून टाकलं. ती मोठी झाल्यावर तोच तुकडा दोन स्क्रूंनी परत बसवला. सांध्याची रेघ स्पष्ट दिसते. डोरीन ही गोष्ट दर थँक्सगिव्हिंगच्या सणाला सांगते, आणि सांगताना त्या रेघेवरून अंगठा फिरवते. मी तिला दरवेळी समजावतो की या धंद्यातला पहिला नियम आहे, बंदूक विकत घ्यावी, गोष्ट घेऊ नये.

६ ऑक्टोबर, रविवार
फोन. मीच केला. डोरीन म्हणाली, थँक्सगिव्हिंगला येते, मेसीला घेऊन. मेसी आमची नात, ती आता नऊ पुरी होईल. म्हणाली, बाबांची कार्बाइन हवी आहे, मेसीला नेम धरून डबे पाडायला शिकवायचं आहे. पुढे स्क्रूंबद्दलही काहीतरी म्हणाली. मी तेव्हा तिला नळीबद्दल सांगत होतो, त्यामुळे नीट ऐकू आलं नाही. मग म्हणाली, ठेवते, ग्लेंडाचा केक ओव्हनमध्ये आहे.

मुद्दा काय, ती येते आहे!

संकल्प: ती येईपर्यंत कार्बाइन संपूर्ण जूकबॉक्सची करायची. एकूण एक भाग त्याच कंपनीचा. तिच्या बापाचं नाव राहील. गेल्या वाढदिवसाला मी तिला नेम धरायची जुनी पट्टी दिली होती, अस्सल, खोक्यासकट. तिने ती स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली. तेव्हा कदर झाली नाही. या खेपेस होईल.

१२ ऑक्टोबर
कार्बाइन आणि तिचा कागद घेऊन आर्लो फेन्स्टकडे गेलो. आर्लो तीस वर्षं जत्रेच्या मैदानावरच्या गन शोमध्ये, बंदुकांच्या बाजारात, टेबल लावतो. कार्बाइनची किंमत सांगावी तर त्यानेच, असं लोक म्हणतात. (लोक फार म्हणतात.) त्याने उलटीसुलटी करून पाहिली, सांध्याच्या रेघेशी थांबला, हसला. म्हणाला, हात लावू नकोस. लष्कराने लढाईनंतर सगळ्या बंदुका खोलल्या, नळ्या एका पेटाऱ्यात, बोल्ट दुसऱ्यात, आणि हाताला येईल ते जोडून परत पाठवल्या. जिचे भाग जुळतात तीच संशयाची. तुझ्या सासऱ्याचा विक्रीचा मूळ कागद आहे, नंबर जुळतो, त्यानंतर आतले भाग कोणी बदलले नाहीत. अशी मिळत नाही बाबा.

मी म्हटलं, पण चार कंपन्या? तर म्हणतो, तू आणि डोरीन काय एका कंपनीचे होतात? तरी चाळीस वर्षं बार उडतच होता ना?

“होतात” म्हणाला. “आहात” म्हणायला हवं होतं. आर्लोचं व्याकरण पहिल्यापासून कच्चं. शिवाय पोटात दुखतंय त्याच्या, दुसरं काय.

कागद घरी परत आणला. चिकनसूपच्या डब्याखाली ठेवला आहे, डाग पडला थोडा.

१९ ऑक्टोबर
नळी आली. बोल्ट आला. दस्ता आला, अस्सल, त्याच कंपनीचा शिक्का. पैशांसाठी बोट विकली. डोरीनला पाण्याची भीती वाटायचीच.

जुना दस्ता काढला. दोन्ही स्क्रू सहज फिरले, जणू परवाच बसवलेत, आणि तो दोन बोटं तुकडा हातात आला. टाकणार होतो. मग टेबलाच्या आखूड पायाखाली सरकवून पाहिला. चपखल! डोरीन अकरा वर्षं या टेबलासाठी माझ्या मागे लागली होती. एका दगडात दोन पक्षी. येऊ दे तिला.

२६ ऑक्टोबर
गन शो. कॉफी पाणचट, डोनट बरे. आर्लोच्या टेबलाच्या कोपऱ्यावर जुना दस्ता मांडला. लोक उचलत, कापलेला बघत, ठेवत. दुपारी एक माणूस आला, बरोबर रबरी बूट घातलेली मुलगी. तिने न विचारता दस्ता उचलून खांद्याला लावला. तंतोतंत बसला. बाप म्हणाला, मी हिच्यासाठी असाच कापणार होतो, पण हिंमत होत नव्हती. मुलीने मला विचारलं, हा कुणी कापला? मी म्हटलं, होता एक, त्याला किंमत कळत नव्हती.

पडेल भावात देऊन टाकला. मुलगी तो बाहुलीसारखा कवेत घेऊन गेली. आर्लो तोवर वाडगाभर गरम चिली आणायला गेला होता. परत आला, रिकामा कोपरा पाहिला, खुर्ची पलीकडे ओढून बसला. चिलीही त्याने एकट्याचीच आणली होती.

३ नोव्हेंबर
झाली पुरी. नखशिखांत जूकबॉक्स. इतकी देखणी वस्तू या घरात आली नव्हती. (डोरीन सोडून. हे तिला सांगायचं, लक्षात ठेवणे.)

९ नोव्हेंबर
किंमत करायला आर्लोकडे नेली. त्याने चष्मा घातला, पाहिलं, चष्मा काढला. म्हणाला, मर्ल, ही आता बंदूक नाही, चांगल्या भागांची मोळी आहे. ती कुठून आली हे तिलाच सांगता येणार नाही. सुटे भाग विकलेस तर याहून जास्त येतील. मी विचारलं, आणि आधीची? तो म्हणाला, आधीची तू मला विकली नसतीस, आणि मीही घेतली नसती. ती डोरीनची होती.

दिवा मंद होता त्याच्याकडे. उजेडात दुसऱ्या कोणाला दाखवेन.

घरी येऊन डोरीनच्या खुर्चीवर बसलो. खुर्चीची चूक नाही, पण बसवत नाही तिथे फार वेळ.

२४ नोव्हेंबर
तयारी. टर्की सांगितली. बेकरीतून भोपळ्याचा गोड पंपकिन-पाय आणला. तिची उशी उन्हात टाकली, ऊन नव्हतं तरी. मेसीसाठी बारा रिकामे डबे कुंपणावर मांडले.

संकल्प: पहिला अर्धा तास नळीचा विषय काढायचा नाही. ती कशी आहे ते विचारायचं. उत्तर पुरं ऐकायचं.

२८ नोव्हेंबर, थँक्सगिव्हिंग
आल्या. डोरीनने केस आखूड केलेत, छान दिसतात, सांगायचं राहिलं. कोट काढला नाही. टेबलाशी बसली, हात टेकले, म्हणाली, अरे, हे डुगडुगायचं थांबलं? मी म्हटलं, मी केलं ते. बरं वाटलं तिला. मलाही वाटलं. इथपर्यंत सगळं ठीक होतं.

मग तिने पर्समधून स्क्रूड्रायव्हर काढला. हॉबर्टचा, लाल मुठीचा. मेसीला म्हणाली, आता बघ, पणजोबांनी माझ्यासाठी काय केलं होतं. कार्बाइन उचलली, उलटी केली, अंगठा फिरवला. परत फिरवला. खिडकीपाशी नेऊन पाहिलं.

मी कौतुकाची वाट पाहत होतो. मग मीच सांगितलं सगळं, शिक्के, वर्षं, खटपट. मेसीने खांद्याला लावून पाहिली. दस्ता काखेखालून मागे गेला, हात चापापर्यंत पोचेना.

डोरीनने हळू विचारलं, बाबांचं लाकूड कुठे आहे? मी म्हटलं, विकलं. कोणाला? नाव विचारलं नव्हतं, पण बरोबर एक लहान मुलगी होती, एवढं आठवलं. तिने विचारलं, तिला बसला का? मी म्हटलं, तंतोतंत.

ती टेबलाशी परत येऊन बसली. म्हणाली, मग बरं झालं, कुणाला तरी बसला. ओरडली असती तर मला कळलं असतं काय करायचं. चाळीस वर्षांत तिच्या ओरडण्याची तेवढी सवय झाली आहे.

कार्बाइन तिने पेटीत ठेवली, दोन्ही कड्या लावल्या, माझ्याकडे सरकवली. म्हणाली, ही आता तुझी. यात माझं काही राहिलं नाही. जाताना मेसीने माझी पापी घेतली. डोरीनने घराची किल्ली टेबलावर ठेवली, खिडकीतली नेम धरायची पट्टी घासून पुसून तिच्या शेजारी ठेवली.

पंपकिन-पाय कापलाच नाही. कुंपणावर डबे तसेच.

२९ नोव्हेंबर
नाश्त्याला पंपकिन-पाय. चमचा पडला म्हणून वाकलो आणि दिसला. टेबलाच्या पायाखाली. काल तिचे गुडघे त्याच्यापासून हातभर लांब होते. दोन बोटं जाड, दोन भोकं, बाहेरची कड हॉबर्टने घासून गोल केलेली. मुलीला टोचू नये म्हणून असेल. मी इतक्या दिवसांत भिंगाखाली सगळं पाहिलं, ही कड पाहिली नव्हती.

व्हीलिंगला फोन केला. ग्लेंडाने उचलला. म्हणाली, ती झोपली आहे, काही निरोप? मी म्हटलं, तिला सांग की टेबल. ग्लेंडा म्हणाली, टेबल काय? पायाखालचं लाकूड कुणाचं होतं ते सांगायचं होतं, पण ग्लेंडाला कसं सांगणार. म्हटलं, राहू दे.

तुकडा काढला, टिश्यूत गुंडाळला, खोक्यात घातला. पत्ता घातला. सोमवारी टपालाने पाठवेन. तिने फिरवला अंगठा तर फिरवला.

टेबल परत डुगडुगायला लागलं. अक्षर हलतंय ते त्यामुळे.